पोळ्याचं आवतण

चहा घ्या, मग सांगतो. मधेच हसू नका. हसायची जागा शेवटी आहे आणि तिथे मीच उभा आहे.

जिल्ह्याच्या वार्ताहराला सण नसतो, ड्युटी असते. शिरपूरला जैन यात्रेकरूंच्या पंगतीत मी दिवस मावळायच्या आत जेवलोय. ईदला मंगरूळात घरोघरचा शीरखुर्मा पिऊन सुस्तावलोय. तांड्यावर तीज बघायला गेलो आणि चुरमा खाऊन आलो. महालक्ष्म्यांची आंबील तर विचारूच नका. जिथे जावं तिथे लोक म्हणतात, ‘साहेब, जेवून जा.’ त्यामुळे शरीराला एक सवय लागते. कुठेही कोणी कोणाला जेवायला बोलावलं, की आपल्यालाच बोलावलं असं वाटतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि बातम्या? गेल्या वर्षीची काढायची, साल बदलायचं, पाठवून द्यायची. सण तोच, लोक तेच, मी नवीन काय लिहू?

आता आसेगावचा दिगंबर. कॉलेजात आम्ही दोघं वाशीमला एका खोलीत राहायचो, एका डब्यात जेवायचो. पुढे त्याने शेती धरली, मी लेखणी. एका पोळ्याला मी बातमी दिली आणि तोरणाखालून पहिली निघणारी मानाची जोडी दुसऱ्याच घरची छापली. मान दिगूच्या घरचा होता. त्याने फोन केला, मी म्हणालो, छापलं ते छापलं. मी तसाच आहे. तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत कोणापुढे मान खाली घातली नाही, तर याच्यापुढे का घालू? त्या दिवसापासून दिगूने बोलणं टाकलं. माझ्या घरचं जेवण मला गोड लागत नव्हतं, पण हे मी कोणाला सांगितलं नाही.

मग एका वर्षी संपादकांचा हुकूम आला. पोळ्याचे नेहमीचे फोटो नकोत, आदल्या दिवशीची खांदशेकणी हवी. म्हणजे बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात ना, ते. आसेगावात गेलो तर जिकडेतिकडे ट्रॅक्टर. फोटो काढावा अशी जोडी एकाच गोठ्यात होती. दिगूच्या.

गेलो. त्याने मान वर केली नाही. सुमनवहिनी म्हणाल्या, “काढू द्या ना फोटो, आले तं.”

दिगू बैलाशी बोलायला लागला. “सोन्या, नीट उभा राह्य. नाई तं फोटो तुहा अन् नाव दुसऱ्याचं छापतीन लोकं.”

मी मोबाइलची काच पुसायला लागलो.

“राजा, तुले बरं हाय. तुले लिवता येत नाई, म्हणून तू खोटं लिवत नाई.”

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. मी सोन्याच्या मागे सरकलो, तिथून उजेड बरा होता. दिगू तूप चोळत होता आणि बैलांच्या नावाने मला सोलून काढत होता. एकूण एक शब्द माझ्यासाठी होता, हे शेंबडं पोरही सांगेल.

खांदे शेकून झाले. दिगू समोर आला, हात जोडले आणि अगदी हळू म्हणाला, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.”

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? इतका वेळ बैलांना बोललेलं सगळं मला होतं, मग हेच तेवढं बैलांना कसं असेल? कॉलेजपासून मला ‘अबे’ म्हणणारा माणूस ‘घ्या, या’ म्हणाला. वाटलं, एवढ्या वर्षांच्या अबोल्यानंतर लाजला असेल. “येतो,” एवढंच म्हणालो आणि निघालो. त्याने चमकून वळून पाहिलं, मला वाटलं त्याला भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी घरच्या पुरणपोळीला हात लावला नाही. बायको म्हणाली, “दिगंबरभाऊंनी बोलावलं? तुम्हाला? नक्की?” म्हटलं, स्वतः, हात जोडून. शाल घेतली, पेढे घेतले आणि आसेगावला जाऊन त्याच्या ओसरीवर बसलो.

तोरण तुटलं, पोळा फुटला. दिगू जोडी घेऊन आला. वहिनींनी बैलांचे पाय धुतले, ओवाळलं. मग दिगूची नजर माझ्यावर गेली.

“अबे, तू काहून आला?”

“तूच तं आवतण देलं काल.”

वहिनींच्या हातातलं ताट तसंच राहिलं. दिगूने माझ्याकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, मग बैलांकडे.

“म्या त्याईले देलं आवतण. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाले देतेत. तूच तं छापतो दरसाल.”

खरं होतं. दरसाल छापत होतो. गेल्या वर्षीचं काढून.

मी उठलो. पेढे ओसरीवर ठेवले आणि म्हणालो, “तुह्या मानाची जोडी मी चुकीची छापली होती. उद्या दुरुस्ती देतो.” उपाशी पोटी माणूस किती खरं बोलतो.

वहिनी म्हणाल्या, “बसा भाऊजी. आवतण घेऊन आलेल्याले उपाशी धाडत नाई. पण पहिले ते जेवतीन.”

“हो,” दिगू म्हणाला, “त्याईनं सालभर काम केलं.”

मी बसलो. सोन्या आणि राजाने पुरणपोळी सावकाश खाल्ली, त्यांना कसली घाई? मग मला पान वाढलं. दिगू शेजारी बसला आणि न विचारता माझ्या पोळीवर तूप ओतलं, कॉलेजात ओतायचा तसं. दुरुस्ती तिसऱ्या दिवशी छापून आली, चौकटीत.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

“उद्या जेवाले ये. पण आज सांजच्यालेच येऊन जाय.”

“आज काहून?”

“तुह्या वहिनीनं हळद-तूप काढून ठेवलं. खांदे शेकल्याबिगर आमच्याकडे कोणाले आवतण देत नाई.”

गेलो. जुना शर्ट घालून.