अक्कांची उप्पिनकाई

आमच्या घरमालकीण अक्का दिवसभर बोलायच्या, फक्त नातवाचा फोन आला की त्यांची वाचा बसायची. बनशंकरीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा मला वाटलं, दोघांचं काहीतरी बिनसलंय. पण कसलं काय! पुण्यातला तो नातू म्हणजे अक्कांचा जीव की प्राण. लहानपणी एकदा तो हसून म्हणाला होता, "आजी, उप्पिनकाई काय? लोणचं म्हण!" अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, कानडी मुलखातलं, मराठीत कानडी कालवल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. तेव्हापासून फोनवर फक्त "जेवलास? सरी, बरं." मला म्हणायच्या, "आमची मराठी गावंढळ गं. त्याला लाज नको."

कुठलाही नवा पदार्थ चाखला की अक्का विचारायच्या, "ह्याचं माहेर कुठलं?" बेळ्ळंदूरच्या ऑफिसातल्या कोरियन सहकाऱ्याने दिलेली किमची मी त्यांना नेऊन दिली. अक्का म्हणाल्या, "ही तर कोबीची उप्पिनकाई! मीठ स्वल्प कमी." आणि लगेच माहेराची चौकशी.

मी त्या सहकाऱ्याला विचारून आले. शब्दाचं माहेर चिनी, अर्थ बुडवलेली भाजी. कोरियात आल्यावर त्याचा डिमछे झाला, पुढे लोकांच्या तोंडी जिमची. मग शिकलेल्यांना 'जि' खेडवळ वाटायला लागला, म्हणून त्यांनी तो सुधारून किमची केला. दक्षिणेकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या अजून जिमची म्हणतात, असं तो सांगत होता.

अक्कांनी किमचीचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला.

"लाजेपोटी बदलला म्हण की," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्या गेल्या की मग संपलं."

पुढच्या रविवारी नातवाचा फोन आला तेव्हा त्या कैऱ्या चिरत होत्या. एकदम म्हणाल्या, "पुट्टा, बाळा, ऐक. उप्पिनकाईला फोड स्वल्प मोठी ठेवायची." आणि बाई अर्धा तास थांबल्या नाहीत! पलीकडून तो हूं हूं करत होता. मे महिन्यात शिकायला येतो म्हणाला. त्या दिवशी अक्का आनंदाने जेवल्यासुद्धा नाहीत.

मे महिन्यात तो आला, तो अक्कांच्या तेराव्याला. झोपेतच गेल्या होत्या.

पंगतीत मी वाढत होते. त्याच्या पानाशी बरणी घेऊन वाकले आणि विचारलं, "लोणचं वाढू?"

त्याने मान वर केली. डोळे भरलेले.

"उप्पिनकाई म्हणा, ताई," तो म्हणाला. "स्वल्प वाढा."