काकांनी ऐकलेली खाडी

आमच्या शेजारच्या काकांइतका मोठ्यानं जगलेला माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी सकाळी चूळ भरली की गल्लीतली कुत्री उठून बसायची. तोफांच्या फॅक्टरीत, जिथे दिवसभर घण पडतात त्या शॉपमध्ये, त्यांची उमर गेली. तिथे बाजूच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालून ओरडावं लागे, आणि तोच आवाज ते डब्याबरोबर घरी घेऊन येत. काकू म्हणायच्या, "लग्नात यांनी माझं नाव घेतलं, तर मांडवाबाहेरचा बँड थांबला होता."

बांगलादेशच्या लढाईचं वर्ष होतं. मी नवी नवरी, त्यांच्या बाजूच्या क्वार्टरमध्ये राहायला आलेली. आमचे हे त्यांच्याच शॉपमध्ये. फॅक्टरीतलं बाहेर बोलायचं नाही असा कडक हुकूम, आणि काका तो अगदी मनापासून पाळायचे. ह्यांना अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन, इकडेतिकडे बघून, हळूच सांगायचे, "कुणाले बोलू नको, उद्यापासून डबल शिफ्ट!" की लगेच पलीकडच्या तीन क्वार्टरांतल्या बाया डब्यासाठी जास्तीची कणीक भिजवायला घ्यायच्या. ब्लॅकआउटमध्ये गल्लीवर पहारा त्यांनी आपण होऊन घेतला होता. "अरे खिडकी लावा, उजेड दिसून राहिला!" अशी आरोळी आली की समोरचे पंजाबी सरदारजी हात जोडायचे, "दादा, उजाला तो ठीक है, दुश्मन आपकी आवाज़ सुन के आ जाएगा." काका खूश व्हायचे. त्यांना वाटे, स्तुती चालली आहे.

तयार तोफा दूर माळावर डागून बघत. तो धमाका झाला की माझी मांडणीवरची ताटं वाजायची. एकदा मी अंगणात पापड घालत होते, काका कुंपणापाशी येऊन म्हणाले, "सूनबाई, तोफा आताशा काहून हळू वाजून राहिल्या? दारू कमी भरून राहिले का हे लोक?" माझ्या मागे ताटं अजून थरथरत होती. तेव्हा मला कळलं, आणि काकू तर आधीच पदर डोळ्याला लावून दारात उभ्या होत्या.

नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, दोनेक वर्षांत कान पूर्ण जातील. काका दवाखान्यातून आले ते हिशोबी माणसासारखे. "चलो, काही हरकत नाही. नर्मदा ऐकली, धुवांधार धबधबा तर पोटभर ऐकला. ती जाते कुठं, तेवढं ऐकायचं राहिलं. कान जायच्या आधी समुद्र ऐकून घेतो." पण लढाईत सुट्टी कुणाला? त्या काळोख्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ते समुद्राच्या गोष्टी सांगायचे, न पाहिलेल्या समुद्राच्या. लाट कशी लांबून गुरगुरत येते, कशी फुटते. सायरनच्या भीतीनं जीव मुठीत धरलेल्या आम्ही बाया ते ऐकता ऐकता डुलायला लागायचो.

लढाई संपली, माघात सुट्टी मिळाली. माझ्या नणंदेच्या सासरी, कोकणात, त्यांचा मचवा होता. शिडाची मोठी होडी म्हणा ना. खाडीतल्या गावोगावी कौलं उतरवत तो तीन-चार दिवस फिरायचा. त्यावर आम्ही चौघं, दोन्ही जोडपी, कौलांवर घोंगड्या टाकून बसलो. मचवा सुटल्याबरोबर आम्ही काय करावं? पाणी दिसलं की ओंजळ भरून "नर्मदे हर" म्हणत तोंडात घ्यायची आम्हा जबलपूरवाल्यांची सवय. घेतली की चौघांनी! तांडेल, म्हणजे मचव्याचा म्होरक्या, सुकाणू धरून हसला, "पाव्हणे, मीठ बेताचं पडलंय ना?"

आणि मग ती खाडी. काय सांगू, अजून डोळे मिटले की दिसते. वारा पडलेला, शीड ओल्या धोतरासारखं लोंबत होतं, नुसत्या भरतीच्या पाण्यावर मचवा आपसूक पुढे सरकत होता. दोन्ही काठांना तांबडे कातळ, त्यावर माड, पाण्यात तेच माड उलटे. एक बगळा उडाला तर त्याची सावली आमच्या मांडीवरून गेली. पुढच्या टोकाला काका समुद्र ऐकायला कानामागे हात धरून बसले होते. तासभर बसले. मग मागे वळले, तोंड एवढंसं झालेलं.

"सूनबाई, गेले माझे कान."

"अहो काका, आवाजच नाहीये इथे!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"ओरडली म्हणून ऐकू आलं. तू माझं मन राखून राहिली."

हे म्हणाले, काकू म्हणाल्या, तांडेलानं देवाची आण घेतली. काका कुणाचंच मानेनात. त्यानंतर ते बोललेच नाहीत. पूर्ण दुसरा दिवस गेला, मुक्कामाच्या गावी भाकरी खाल्ली तीही मुकाट्यानं. त्या माणसाचं न बोलणं म्हणजे भलतंच, हो! काकूंनी माझा हात घट्ट धरला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी, काका पाठमोरे बसलेले, काकू फराळाची पिशवी उपसत माझ्या कानाशी कुजबुजल्या, "बाई गं, यांचे डिंकाचे लाडू मी इटारसीच्या फलाटावरच विसरून आली."

काका गर्रकन वळले. "लाडू विसरली?"

मग काकूंना एकदम रडू आणि हसू बरोबरच आलं. "आलं ना ऐकू! आलं ना!"

काका आमच्याकडे बघत राहिले, मग पाण्याकडे. "म्हणजे हा समुद्र खरंच गप्प आहे?"

"गप्पच आहे, काका."

तांडेलाला दया आली. म्हणाला, खाडीच्या मुखाशी नेतो, तिथं खडकावर लाटा फुटतात, पोटभर ऐका. काकांनी मान हलवली. आणि ते बोलले ते इतक्या हळू, की आम्हा सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "नको भैया. एवढी शांत जागा मी जन्मात ऐकली नाही. राहू दे." उरलेला प्रवास ते तसेच बसून होते, देवळात बसावं तसे.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. कान गेले. काकू गेल्यावर मुलानं राइट टाउनला आपल्या घरी नेलं त्यांना. मी भेटायला जायची, पाटीवर लिहून बोलायची. एकदा खिडकीशी एकटेच बसलेले दिसले. बाहेर रस्त्यावर स्कूटर, ऑटो, कुणाच्या तरी वरातीचे फटाके, नुसता कल्ला चाललेला. मी पाटीवर लिहिलं, 'काका, करमतं का?'

त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघून हसले, आणि बाहेरच्या त्या कल्ल्यावर हात फिरवत म्हणाले,

"खाडीत आहे मी, सूनबाई. वारा पडलाय."