आधी बहिणीशी बोलू

धम्मशीला एकदा नाही म्हणाली की नाही. मी सुचिता, तिची भागीदार. दहा वर्षं तिच्याशी भांडतेय, मला विचारा. बीबी गावची ती आणि पिंपळगाव राजाची मी, अशा दोघींनी चिखलीत वकिलीची फर्म काढली तेव्हा बाररूममधले लोक म्हणाले, सहा महिने टिकल्या तरी पुष्कळ. घ्या, दहा वर्षं झाली!

पहिल्याच वर्षी एक बाई रडत आली. घरकुलाचे कागद आहेत असं सांगून भावानं तिचा अंगठा घेतला होता, आणि निघालं हक्कसोडपत्र. म्हणजे बापाच्या वावरातला आपला वाटा तिनं भावाला सोडून दिला, असं लिहिलेलं. साडीचोळी करायची आणि बहिणीची सही घ्यायची, ही आमच्याकडे रीतच आहे. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. धम्मशीलाला वाटलं. तिनं नियमच करून टाकला : हक्कसोड लिहायचं तर आधी बहीण एकटी आत बसेल, दार लावून. भाऊ, भावजय, नवरा, सगळे बाहेर. ती मनापासून हो म्हणाली तर लिहू, नाहीतर नमस्कार.

या नियमानं आमचं रक्त आटवलं. मागाहून घेतलेला तिसरा भागीदार हरिओम म्हणाला, “आपण वकील आहोत की तिचं माहेर?” आणि निम्मे पक्षकार घेऊन बुलढाण्याला निघून गेला. पाठोपाठ कोरोना आला, कोर्ट बंद. मी म्हटलं, “बाई गं, आता काय नियम शिजवून खायचा?” तर म्हणते, “तुले जायचं असंन तर जाय. मी इथंच हाय.” मला इतका राग आला, की मी गेलेच नाही.

कोर्ट उघडलं आणि बायका यायला लागल्या. जाहिरात कोणी केली? राखीला माहेरी आलेल्या बहिणींनी, एकमेकींच्या कानात. ज्युनिअर ठेवावे लागले, खालचा मजला पुरेना. दहाव्या वर्धापनदिनी वरचाही मजला घेतला. दोन्ही मजले उकंडरावांचे. बाजार समितीत वजन असलेला माणूस. घरमालक म्हणून उद्घाटनही त्यांच्याच हस्ते ठेवलं. मांडव, जिलेबी, चिवडा, सगळा थाट.

फीत कापून झाली, टाळ्या झाल्या आणि उकंडरावांनी मागे उभ्या असलेल्या बाईला पुढे केलं. त्यांची धाकटी बहीण, पुष्पाबाई. नवी कोरी साडी, नजर जमिनीला.

“वकीलबाई, दिवस चांगला हाय. आमच्या पुष्पीचं हक्कसोड आजच लिहून टाका, समद्यायसमोर.”

हा माणूस बिथरला तर दोन्ही मजले जाणार, आणि बाजारातली त्याची माणसंही आमच्याकडे फिरकणार नाहीत. मी धम्मशीलाला कोपऱ्यात ओढलं. “उद्या कर ना गं. आजचा दिवस जाऊ दे.”

“उद्या थे बाई येईन का?” ती म्हणाली, आणि सरळ उकंडरावांसमोर जाऊन उभी राहिली. “भाऊ, आधी बहिणीशी बोलतो. एकटीशी.”

“माह्याच जागेत मलेच बाहेर काढता?”

“जागा तुमची हाय भाऊ. सही तिची हाय.”

दार लागलं. बाहेर पाहुणे नुसतेच ताटल्या धरून उभे. उकंडराव माझ्यावर घसरले. “काय शिकवून राह्यली थे तिले?”

मी भ्यायले होते, खोटं कशाला बोलू. पण भीती वाटली की माझी जीभ जास्तच सुटते. “शिकवत नाही, भाऊ. ऐकून राह्यली. तुम्ही ऐकलं होतं का कधी?”

दार उघडलं. पुष्पाबाईचे डोळे सुजले होते, आवाज मात्र स्वच्छ होता. “दादा, मी सही करत नाही.”

उकंडराव लालबुंद झाले. “महिनाभरात दोन्ही मजले खाली करा!”

“करतो,” धम्मशीला म्हणाली. “पण आता जेवून जा.”

ते कशाला थांबतात! ताडताड गाडीकडे निघाले. मला वाटलं, पुष्पाबाई आता आम्हाला म्हणेल, एसटी स्टँडवर सोडा. छे! ती भावाच्या पुढे गेली, दार उघडून पुढच्या सीटवर बसली. “सही नाही केली म्हून बहीण नाही राह्यली का मी? चाल दादा, वहिनी जेवाची थांबली असंन.” भाऊ गाडी सुरू करून तिला घेऊन गेला.

आम्ही मजले सोडले. सध्या धान्य बाजारामागे पत्र्याखाली बसतो, उन्हाळ्यात भाजून निघतो, आणि अकरावं वर्षही तिथंच साजरं करणार आहोत, कोणाला काय करायचं ते करो.

परवा पुष्पाबाई तिथं आली. मला वाटलं, दावा टाकायला आली असेल. पण तिच्यामागे दोन बायका होत्या, सासरच्या, बिचकलेल्या.

“माह्या नणंदा हायेत,” ती म्हणाली. “या दोघीयचा वाटा माह्या नवऱ्याच्या नावानं हाय. यायले इचारा, मनापासून सोडला का म्हून.”

एवढं बोलून ती स्वतःच दार ओढून बाहेर जाऊन बसली.