दहा खोल्यांचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी ठरवत नाही. ते ठरलेलंच असतं. माझंही होतं. वैजापूरजवळच्या आमच्या गावी आईनं डिंक आणून ठेवला होता, जुनी मऊ लुगडी धुऊन घड्या घालून ठेवली होती आणि अख्ख्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं. अडचण एवढीच झाली की मला तिथं न्यायचंच राहून गेलं.

दोष आमच्याच हुशारीचा. सातव्या महिन्यात वडील न्यायला येणार होते, पण पंचांगात त्यांना मनासारखा दिवस सापडेना. एक सापडला, तर त्या दिवशी माझ्या नवऱ्याला डबल शिफ्ट. चिकलठाण्याचा कारखाना नवा, नोकरी त्याहून नवी, रजा मागायची त्याची हिंमत नव्हती. असं करता करता आठवा लागला, आणि आठव्यात गर्भारशीला जागची हलवत नाहीत. मी म्हटलं, दोन-अडीच तासांचा तर रस्ता आहे. पण माझं कोण ऐकतो! वडिलांचं पोस्टकार्ड आलं, नववा लागताच येतो. नववा लागला आणि त्याच सुमाराला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. मग मोर्चे, दगडफेक, संचारबंदी. एसटी बंद. सुरू झाली म्हणून कळायचं, तोवर परत बंद.

माझ्या वडिलांचा नामांतराला विरोध होता, हे सांगून टाकलेलं बरं. नवरा शिफ्टवरून आला की आडवा व्हायचा, त्यामुळं त्याचं मत मला कधी कळलंच नाही. माझं मत एवढंच होतं की ज्यानं कुणी गाड्या बंद पाडल्या त्याचं तळपट होवो. वय विशीचं, पोट हे एवढं, आणि माझ्याशिवाय जगात दुसऱ्या कुणाचं काही अडलंय हे मला मान्यच नव्हतं.

आम्ही मुकुंदवाडीत राहायचो. मालकानं गोठा पाडून ओळीनं दहा खोल्या काढल्या होत्या आणि त्या दहाही खोल्यांत कारखान्यांत लागलेली जोडपी. कुणी पैठणकडचं, कुणी सिल्लोडचं, कुणी पार बीडचं. सात जणी एक तर पोटुशी नाहीतर कडेवर लेकरू घेतलेल्या, आणि साऱ्या ओळीत एकही पांढरा केस नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा केवढा आनंद झाला होता! दहा खोल्यांत एक सासू नाही, म्हणजे स्वर्गच. माझी सासू तर लग्नाआधीच वारलेली. नवव्या महिन्यात मात्र मी त्याच ओळीत दारोदार विचारत फिरले, "बाळंतपणातलं कुणाला काही येतं का हो?" तेव्हा कळलं की स्वर्गात दाई नसते.

प्रत्येकीला एकेकच गोष्ट येत होती. एकीला गुटी उगाळता यायची, पण सहाणेवर कशाचे वेढे किती ते आठवायचं नाही. एकीला लाडू वळता यायचे. शेजारीण धनगराची, तिच्या सासऱ्याची मेंढरं अजून पैठणकडं रानात होती. ती म्हणाली, "मला कोकरू काढाया येतंय बाई. माणसाचं नाय." मग माझं तोंड बघून तिनंच सांगितलं, "रुळाच्या पल्याड एक मावशी हाय. माझं लेकरू तिनंच काढलंय."

"तिकडची?" मी विचारलं. रुळापलीकडं बौद्धांची वस्ती होती.

"व्हय, तिकडचीच. पायजे का नको, तेवढं सांग."

मी काहीच सांगितलं नाही. दोन दिवसांनी सकाळीच कळा सुरू झाल्या, शहरात संचारबंदी, घाटी दवाखान्याला न्यायला रिक्षा मिळेना. तेव्हाही मी हो की नाही ते सांगितलं नाही, नुसतीच ओरडले. शेजारीण रुळाकडं पळाली.

मावशी आली ती पदर खोचतच. उंच, काळीसावळी, पन्नाशीची. गावाकडं तिनं आयुष्यभर हेच काम केलं होतं, आता लेकाला कारखान्यात हमाली लागली म्हणून त्याच्यामागं इथं आलेली. आत येऊन तिनं आधी पाणी तापत ठेवायला लावलं, मग सगळ्या बायकांना बाहेर काढलं आणि मला म्हणाली, "वरडायचं तेवढं वरड, बाई. पण मी म्हणंन तवा थांबायचं." दिवस मावळायच्या आत मला मुलगी झाली.

पुढचे दहा दिवस ती रोज सकाळी यायची. मला तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून, जुन्या लुगड्याचा पट्टा करून पोट आवळून बांधायची. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि लसणाची सालं. पाय लांब करून पाटावर बसायची आणि पोरीला पायांवर घ्यायची. पोरगी आधी किंचाळायची आणि मग एकदम अशी गप्प व्हायची की मी घाबरून मान वर करायचे. पहिले दोन दिवस पोर अंगावर ओढतच नव्हती. छाती दगडासारखी झाली, मी रडून रडून जीव नकोसा करून घेतला. मावशीनं गरम फडक्यानं शेकून शेकून, पोरीची हनुवटी बोटानं खाली धरून, चार-चार वेळा लावून बघितलं. तिसऱ्या दिवशी पोर चुटूचुटू ओढायला लागली, तेव्हा मी मावशीच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. तिच्या अंगाला तेलाचा आणि धुराचा वास यायचा.

हे सगळं बघायला ओळीतल्या बायका जमायला लागल्या. आधी दारातून, मग आत. मावशीनं त्यांना नुसतं बसू दिलं नाही. "बघून काय येतंय? करा," म्हणाली. पोटुश्यांच्या पायांवर तिनं पितळी तांब्या दिला आणि त्यालाच न्हाऊ घालायला लावलं. तांब्याला तेल, डाळीचं पीठ, मग पाणी, आणि एका हातानं मान धरायची. तांब्याची मान! बीडच्या पोरीचा तांब्या पहिल्याच दिवशी घरंगळत मोरीत गेला, तर मावशी म्हणाली, "गेलं बाई तुझं लेकरू गटारात." आम्ही पोट धरधरून हसलो. माझं पोट बांधलेलं, मला हसायची चोरी. पण चार-पाच दिवसांत सगळ्यांचा तांब्या लख्ख निघायला लागला. गुटीचे वेढे पाठ झाले. दुपारपर्यंत माझी खोली भरलेली असायची, कुणी दुपटी शिवतंय, कुणी दूध पाजतंय. आयुष्यात पुढं मी बऱ्याच मंडळांत गेले, भाषणं ऐकली, पण तसा आधार मला परत कुठं मिळाला नाही.

तरी मी रडायचेच. आई कधी येईल, हे माझं एकच पालुपद. मावशी म्हणायची, "गाड्या लागल्या की येईल गं." आणि शेजारणीच्या नवऱ्याला दारातून रोज विचारायची, "दादा, गाड्या लागल्या का?" माझ्यासाठी विचारतेय, असं मला वाटायचं.

अकराव्या दिवशी गाड्या लागल्या. आई आली, डोक्यावर लाडवांचा डबा आणि कमरेवर लुगड्यांचं गाठोडं. मी तिच्या गळ्यात पडले. बाळंतपण कुणी केलं ते ऐकताना आई पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. लेकीचा जीव वाचला होता, पोर मांडीवर होती. पण थोड्या वेळानं शेजारून गोमूत्र मागून आणून तिनं खोलीभर शिंपडलं. आमच्या गावात असंच होतं. माझी स्वतःची नाळ ज्या बाईनं कापली, ती पुढं वीस वर्षं आमच्या अंगणाच्या आत आली नाही. मला ते माहीत होतं, आणि मी शिंपडू दिलं.

त्या दिवशी सकाळपासून मावशी आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी बारसं, तरी नाही. तिच्यासाठी मी एक नवं लुगडं काढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी पोरीचं पोट दुखायला लागलं, आई आणि मी दोघी हैराण, आणि माझा पारा चढला. न सांगता सवरता अशी कशी टाकून जाते ही बाई? शेजारणीला विचारावं, तर ती गाड्या लागताच मेंढरांकडं गावी गेलेली.

चौथ्या दिवशी मावशी आली. दहा दिवस ती सरळ आत यायची. आज आईला बघून ती उंबऱ्याबाहेरच बसली. ओळीतल्या पाच जणी माझ्या खोलीत होत्या. मी कुणाला बोलूच दिलं नाही. "चार दिवस तुमचा पत्ता नाही, लेकरू रडतंय इथं," मी म्हणाले. "तुमची लेक असती, तर अशी टाकून गेला असता का तुम्ही?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ते मला अजून सहन होत नाही.

"लेकीकडंच गेलते पोरी," ती म्हणाली. "परभणीकडं दिलीया. तिलाबी नववा होता. गावात आमची घरं जाळली म्हणून कानावर आलं, पर ती कुठं हाय ते कुणी सांगंना. गाड्या लागल्या तशी पहिल्या गाडीनं गेले."

लेक ज्वारीच्या रानात लपलेल्या बायकांत बाळंत झाली होती. आदल्या दिवशी मावशीनं तिला आणि लेकराला घेऊन गाडी पकडली होती. गर्दीत चढताना गाडीच्या दारात मावशीचा उजवा हात सापडला. तो तिनं पदराखालून बाहेर काढला तेव्हा आम्ही बघितला, मनगटापासून सुजलेला, फडक्यात गुंडाळलेला.

"मला फडकं पिळायाबी येईना," ती म्हणाली. "पोरीच्या अंगाला आठ दिस पाणी नाय. वस्तीतल्या बाया भ्यानं सोयऱ्यांकडं पांगल्यात, तुमच्यातली कुणी एक येती का? शिकलाव की समद्या."

दहा दिवस तिनं माझं अंग चोळलं आणि मी तिच्यापुढं माझ्या आईसाठी रडत बसले. जशी माझ्या आईला यायला गाडी मिळत नव्हती, तशीच तिलाही लेकीपर्यंत जायला मिळत नव्हती. ती रोज गाड्यांचं विचारायची.

चौघींनी हातातल्या दुपट्यांत माना घातल्या. बीडची पोर जमिनीकडं बघत होती. वाईट नव्हत्या त्या. पण रूळ ओलांडून तिकडं जायचं, तेही असल्या दिवसांत, नवरा काय म्हणेल, मालक खोली ठेवेल का, हे प्रत्येकीच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी पोर खाली ठेवली आणि उठले.

आईनं माझा दंड धरला. "कुठं निघालीस? ओली बाळंतीण उंबरा ओलांडत नाय."

"मग कोण जाणार?"

आईनं मला दाबून बाजेवर बसवलं. मग तिनं गाठोड्यातलं एक लुगडं काढलं, लाडवांचा डबा उचलला, माझ्या उशाजवळची तेलाची वाटी घेतली. "पाणी तापवायला भांडं हाय ना तिथं, बाई?" तिनं मावशीला विचारलं, आणि पदर खोचून निघाली. पुढं मावशी, मागं आई.

त्यानंतर महिनाभर आई रोज सकाळी रुळापलीकडं गेली. पुढं बीडची पोरही तिच्याबरोबर जायला लागली. रोज परत आल्यावर आई हापशावर आंघोळ करून मगच माझ्या पोरीला घ्यायची. ती आंघोळ कशासाठी होती, ते मी कधी विचारलं नाही. आता आई नाही, आणि तिला मी याच्याहून चांगली करून सांगणार नाही.

पहिल्या दिवशी ती परत आली, ओले केस झटकत माझ्याजवळ टेकली, तेव्हा मी विचारलं, "कशी आहे गं ती?"

"वाळून काडी झाली. पर दूध हाय. पोरगं चांगलंय."

"काही बोलली का?"

"बोलली की," आई म्हणाली. "अंगावर पाणी पडायच्या आधीच विचारलं तिनं, तुमची लेक बरी हाय का, म्हणून."