पहिल्या घाण्याचा आकडा

भोरच्या रफीकला लोक चणेवाला म्हणूनच ओळखतात. कॉफीवाला म्हणायला अजून कुणाची जीभ वळत नाही. बापाची फुटाण्याची भट्टी त्यानं जन्मभर चालवली. चार वर्षांपूर्वी पानशेतला हॉटेल चालवणाऱ्या नूतनताईंनी कॉफीच्या कच्च्या बियांचं पोतं आणून टाकलं, तेव्हा या पठ्ठ्यानं स्टीलचा डबा आडवा घातला, जीपच्या वायपरची मोटर जोडली, खाली गॅस ठेवला आणि घराच्या पडवीत यंत्र उभं केलं. बी कुठवर भाजलं हे त्याला नाक सांगायचं. त्या नाकाचा त्याला भारी तोरा होता.

गेल्या पावसाळ्यात ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कधीतरी, नाहीतर नाही. रफीकनं हे कुणालाच सांगितलं नाही, अगदी त्याच्या बायकोला, म्हणजे अकिलालाही नाही. चणे-शेंगदाणे रंगावर निभले, कॉफी निभेना. एक घाणा आंबट, दुसरा करपलेला. नूतनताई भली बाई, पण शेवटी त्याही म्हणाल्या, "चाचा, येत्या गुरुवारचा माल एकसारखा नसेल तर मी पुण्याहून मागवते."

गिऱ्हाईक गेलं तर दुसरं मिळालं असतं. पण भाजणंच जमत नाही म्हटल्यावर रफीकमध्ये उरलं काय?

त्यानं तापमानाचं मीटर आणलं आणि त्याची सळई डब्यात खुपसली. बिया तडतडायला लागल्या की आकडा दर खेपेला तोच दिसायला हवा. इथं एकदा दोनशे पाच, एकदा दोनशे एकवीस! सळई बियांऐवजी वरची गरम हवा मोजतेय, हे त्याच्या ध्यानात आलं. मग भोक खाली पाडलं, जाड सळई काढून पटकन तापणारी बारीक घातली. तरी रोज सकाळी आकडा भरकटलेलाच. तीन दिवस त्यानं मीटर विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

बुधवारी अकिला उंबऱ्यावर बसून बघत होती. म्हणाली, "तुमी तपासताय तो पैलाच घाणा ना?"

"मग? पैल्यालाच बघनार की."

"पैला तुमी पावशेरच टाकता. भट्टी तापवायचा आन शेजारी वाटायचा. अब्बांपास्नं तसंच हाय. पावशेर बिया त्या सळईपातूर पोचत्यात व्हय?"

गृहस्थानं कपाळावर हात मारला. हात इतका सवयीचा की वजन त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं सरळ किलोभर बिया ओतल्या. सळई बियांत बुडाली. तडतड सुरू झाली तेव्हा आकडा एकशे शहाण्णव. पुढच्या घाण्याला एकशे सत्त्याण्णव. मीटर आता खरं बोलत होतं.

पण गॅस कुठल्या आकड्याला बंद करायचा, हे काही मीटर सांगत नव्हतं. ते एकदा नाकानंच ठरवायला हवं होतं. तिसरा घाणा फिरत होता, तडतड होऊन गेली होती, आकडा चढत होता. रफीकनं खाली मान घालून विचारलं, "अकिला, वास कसा येतोय, सांग."

"सांगते," ती जवळ येत म्हणाली. "मागं गॅसवर दूध करपलं, आन तुमी शेजारीच पेपर वाचत बसला व्हता. तवापास्नं वाट बघतेय, कवा इचारताय म्हणून."

रफीकला हुंदका आवरेना.

"रडा मागनं," अकिला म्हणाली. "दोनशे बारा झालं, वास बरोबर आलाय. बंद करा गॅस."