ब्रेक पॅडवरचे कुंकू

गाडी सर्व्हिसिंगला द्यायची वेळ आली की आजही माझ्या हातातून किल्ली सुटत नाही. काउंटरवरच्या बाई म्हणतात, "काका, आत बसा, एसी आहे, चहा घ्या." मी बसत नाही. काचेपलीकडे जिथे माझ्या गाडीचे चाक निघते, तिथेच येरझाऱ्या घालत राहतो. तिथल्या लोकांना मी विक्षिप्त वाटत असेन. पण ती घटना मी विसरू शकलेलो नाही.

तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा म्हणजे आमच्यासाठी सलग बंदोबस्त. जत्रा संपली, गर्दी पांगली, जरा कंबर सरळ करावी म्हणून खुर्चीत टेकलो आणि वायरलेसवर निरोप आला. जंगलातल्या उतारावर, नाल्याच्या अरुंद पुलापाशी, जत्रेहून परतणारी प्रवासी गाडी सागाच्या झाडावर आदळली होती.

गाडीत सगळे आरमोरीकडच्या एकाच गावचे लोक होते. पुढच्या सीटवरची बाई जागीच गेली. बाकीच्यांना मार लागला. गाडीचा मालक स्वतःच चालवत होता. फुटलेल्या डोक्याला गमछा बांधून तो रस्त्याच्या कडेला बसला होता आणि एकच गोष्ट बोलत होता, "ब्रेक लागलाच नाई जी. पाय पुरा खाली गेला." मेलेली बाई त्याच्या समोरच्या घरातली. तो तिला मावशी म्हणायचा. तिचा नवरा मागच्या सीटवर होता. त्याचा पाय सुजला होता, तरी तो चालकाच्या शेजारी बसून त्याच्या कपाळावरचे रक्त पुसत होता. बायकोचा देह पलीकडे चादरीखाली, आणि हा दुसऱ्याचे रक्त पुसतो आहे. असे मी नोकरीत फार थोड्या वेळा पाहिले. त्या दोघांमधले हे जे काही होते, ते पुढे माझ्याच हातून मोडले.

अपघातात माणूस दगावला की आरटीओचे निरीक्षक गाडी तपासतात. त्यांनी पुढची चाके उघडली. ब्रेक पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर घट्ट बसवलेला एक थर. ब्रेक दाबला की हा थर चाकाच्या तबकडीला आवळून धरतो. इथे तो थर पट्टीपासून सुटून त्याचा भुगा झाला होता. "डुप्लिकेट माल," निरीक्षक म्हणाले. "हा शिक्का बघा, अक्षरे कशी फिसकटली आहेत." मी पट्ट्या पंचांसमक्ष जप्त केल्या, लाखेचे सील केले, पंचनाम्यात वर्णन लिहिले. एका पट्टीच्या कानावर, म्हणजे बाजूला बाहेर आलेल्या टोकावर, क्लिपखाली दबलेला, वाळलेला तांबडा डाग होता. तोही लिहिला. डाग कुंकवाचा आहे हे मला पाहताक्षणी कळले होते. आमच्या शेतकरी घरात दसऱ्याला नांगर, मोटारपंप, स्कूटर, सगळ्यालाच हळदकुंकू लागते. नेमके म्हणूनच मला त्यात विचारण्यासारखे काही वाटले नाही.

चालकाचे म्हणणे सरळ होते. गाडी वॉरंटीत होती. ब्रेक करकरतात म्हणून त्याने हिवाळ्यात चंद्रपूरच्या शोरूमकडे तक्रार केली. त्यांच्या वर्कशॉपने वॉरंटीत पॅड बदलून दिले. त्यानंतर चाकाला कोणी हात लावला नाही.

मी शोरूमच्या वर्क्स मॅनेजरचा जबाब घेतला. कडक इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. "सर, आम्ही कंपनीचे ओरिजिनल पॅड बसवले. हे आमचे नाहीतच. काही लोक वॉरंटीतला चांगला माल काढून विकतात आणि बाजारातला स्वस्त बसवतात. आम्ही हे रोज पाहतो."

त्याच आठवड्यात खबर आली. माझा एक नेहमीचा खबऱ्या होता, अपघातातल्या गाड्या ओढणारा क्रेनवाला. म्हणाला, "साहेब, त्या पोट्ट्यानं आरमोरीच्या स्टँडमागून ब्रेक घेतले. साऱ्याइले माहीत हाय." त्याच्या क्रेनला सगळे काम त्याच वर्कशॉपकडून मिळते, हे मला ठाऊक होते. पण खबर मॅनेजरने माझ्या मनात बसवलेल्या गोष्टीशी जुळली, आणि जुळलेल्या खबरेचा उगम आम्ही सहसा शोधत नाही.

चालकाला चौकशीला बोलावले. मी त्याच्या अंगाला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. पण चौकशीत हात न लावताही माणसाला कुठे दाबायचे, हे आम्हाला शिकवावे लागत नाही. मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. शेवटी म्हणालो, "समोरच्या घरात चूल पेटत नाही. तुला घास कसा उतरतो?"

तो म्हणाला, "लिहा जी. मीच लावले असन बाहेरून. मावशी माह्याच गाडीत मेली ना? मंग मीच तं मारली."

पोलिसांपुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. मला मात्र ती पुरली. त्याच दुपारी मेलेल्या बाईचा नवरा गावातल्या चार माणसांना घेऊन कागदपत्रांसाठी आला. ठाण्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, मी त्याला सांगितले, "भाऊ, तुमच्या शेजाऱ्यानेच नकली ब्रेक बसवले होते. कबूल केले त्याने." त्याने खांद्यावरचा गमछा काढला, झटकला, परत खांद्यावर टाकला आणि निघून गेला.

पुढचे गावानेच केले. चालकाच्या गाडीत बसायला पुन्हा कोणी तयार होणार नव्हते, ते समजण्यासारखे होते. पण त्याच्या बायकोला शेतमजुरीच्या टोळीतून वगळले, तिच्या सासऱ्याच्या शेजारी पारावर कोणी बसेना. बीट हवालदाराने हे मला सहज बोलता बोलता सांगितले. खटला कधी उभा राहील तेव्हा राहील, त्या घराला शिक्षा सुरू झाली होती.

मी स्टँडमागच्या दुकानात गेलो, पुरावा पक्का करायला. दुकानदार हसला. "या गाडीचे पॅड मी ठेवतच नाई साहेब. माह्याकडे जुन्या जीपाच येतात. तुमाले कोनं सांगतलं?" मी क्रेनवाल्याला फोन लावला. तो उचलेना. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. जेवताना उठायचो, फाइल उघडायचो, बंद करायचो. बायको म्हणाली, "बदली झाली का? सांगा तरी." मी परत फाइल उघडली.

अपघातग्रस्त गाडीतले किरकोळ सामान परत द्यायचे होते. एखादा शिपाई पाठवला असता तरी चालले असते. मी स्वतः गेलो. पिशवीत पाण्याची कॅन होती, एक चादर होती आणि डॅशबोर्डवरची बुद्धाची लहान मूर्ती होती. चालक घरी नव्हता. त्याच्या बायकोने पिशवी घेतली, मूर्ती पदराने पुसली. बसा म्हणाली नाही. दारातच उभी राहिली.

मूर्तीकडे पाहता पाहता माझ्या तोंडून प्रश्न निघाला, "गाडी नवी घेतली तेव्हा पूजा कुठे केली?"

"पूजा काऊन करू? विहारात नेली. भंतेजींनं वंदना घेतली."

"हळदकुंकू?"

हा माणूस इथलाच आहे ना, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले. "आमच्यात नाई ना साहेब. छप्पनपासून नाई. सासरे तं कुंकवाची डबी घरात येऊ देत नाई."

"आणि दसऱ्याला?"

"दसऱ्याले दीक्षाभूमीवर जातो. गाडीले निळा झेंडा लावतो. तुमाले माहीत नाई काय?"

मला माहीत होते. लहानपणापासून माहीत होते. माझ्या वर्गात, माझ्या ठाण्यात, माझ्या शेजारी बौद्ध घरे होती. तरी तो डाग पाहताना मी तो माझ्या घरच्या डोळ्यांनी पाहिला होता.

मग ते कुंकू लावले कोणी? परत येताना मनात एकेक कडी जुळत गेली. कंपनीचे पॅड बंद खोक्यात येतात. दसऱ्याला कुंकू लागलेच तर खोक्याला लागेल. लोखंडी पट्टीवर लागायचे तर पॅड दसऱ्याच्या दिवशी कुठेतरी उघडे पडलेले असायला हवेत.

वरिष्ठांची परवानगी घेऊन आम्ही चंद्रपूरच्या त्या वर्कशॉपची झडती घेतली. स्टोअरमध्ये मांडणीवर कंपनीची खोकी ओळीत होती, प्रत्येकावर हळदकुंकवाचे वाळलेले बोट. पाने, जॅक, हवेचा पंप, सगळ्यावर बोटे. मॅनेजर मागून म्हणाला, "सर, दसऱ्याला तर सगळेच लावतात." बरोबर होते. कुंकू हा पुरावा नव्हताच. पण माळ्यावर गोणपाटाखाली प्लास्टिकचे क्रेट निघाले. त्यांत सुटे पॅड होते, शिक्क्यावर तीच फिसकटलेली अक्षरे, आणि वरच्या थरावर तोच तांबडा रंग.

मी स्टोअर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला विचारले, "बाबा, हा माल कंपनीचे तपासनीस आले की झाकून ठेवायचात ना?"

"हो जी. साहेबाइचा हुकूम होता."

"मग याला कुंकू कशाला लावले? झाकायचा माल पूजेला कशाला काढला?"

म्हाताऱ्याला माझा प्रश्नच समजेना. "खंडेनवमीले साऱ्याइलेच लावतो. तपासनीसापासून लपवाचं, देवापासून काय लपवाचं?"

मॅनेजर पहिल्यांदा आवाज चढवून बोलला, "चूप रे बुढ्ढ्या!" पण म्हातारा आता थांबणारा नव्हता. वॉरंटीत कंपनीकडून आलेले खरे पॅड मागच्या दाराने विकायचे आणि गिऱ्हाईकाच्या गाडीत क्रेटमधले घालायचे, असा तो व्यवहार होता. म्हाताऱ्याचा जबाब, शिक्क्यांची जुळणी आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांवर मॅनेजर आणि त्याच्या साथीदारांवर गुन्हा दाखल झाला. चालकाला त्यातून वगळण्यात आले. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मी घरी आलो आणि वर्दी न काढताच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्या गावात गेलो. मेलेल्या बाईच्या नवऱ्याच्या घरी, खाटेवर बसून, त्याला सगळे सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकले.

"तवाही तुमीच सांगतलं साहेब," तो म्हणाला. "अन् आताही तुमीच सांगून राह्यले. मी कोणत्या दिवशीचं खरं मानू?"

मी टोपी उचलून उठू लागलो.

"अन् तवा तं साऱ्याइच्या समोर सांगतलं होतं. आता एकट्याले काऊन सांगता? चला पारावर."

मी गेलो. माणसे जमली. वर्दीत उभे राहून मी सांगितले की त्या माणसाने काही केले नव्हते, त्याची कबुली दुःखाची होती आणि ती मी गुन्ह्याची म्हणून ऐकली. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी शिवी दिली नाही. पोलीस चुकलो म्हणतो आहे, हे ऐकायची लोकांना सवय नसते.

या प्रकरणाने मला एवढे शिकवले की जे आपल्या घरात नेहमीचे असते, तेच तपासात आपल्याला आंधळे करते. आणि दोषारोपपत्रातून नाव कापता येते, पण व्हरांड्यात बोललेला शब्द परत घ्यायला त्या माणसाच्या दारापर्यंत चालत जावे लागते.

मी जीपकडे निघालो तेव्हा मेलेल्या बाईचा नवरा लंगडत समोरच्या घराच्या पायरीशी पोहोचला होता. दार बंद होते. त्याने कडी वाजवली आणि हाक मारली, "पोट्ट्या, हायेस काय घरात?"

मी जीपवरच्या शिपायाला गाडी सुरू करायला सांगितले. दार उघडले की नाही, हे वळून पाहिले नाही. नोकरीभर लोकांना प्रश्न विचारत आलो. हा एक प्रश्न विचारायला त्या गावात अजून गेलेलो नाही.