नाव नसलेले खण

संशोधकांसाठी सामायिक असलेल्या औषध-चाचणी केंद्रात मी माझा नंबर यायची वाट पाहत होतो. काचेपलीकडे यंत्र प्लेटमधल्या बारीक खणांत रोगजंतूंचा एकेक थेंब सोडत होतं. खणांत वेगवेगळ्या संशोधकांनी बनवलेली रसायनं आधीच भरलेली होती. माझ्या शेजारी एका तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापिका उभ्या होत्या. स्वतःचं रसायन त्यांनी थर्मोकोलच्या डब्यात, बर्फात घालून, एसटीतून मांडीवर आणलं होतं.

"यातलं माझं कुठलं हो?" त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं.

"आम्हालाही माहीत नसतं, मॅडम. नावं काढून नुसते क्रमांक घालतो. काही खणांत तर औषधच नसतं, तुलनेसाठी नुसता द्रव असतो."

कुणाची उमेदीची वर्षं आणि कुणाचं काहीच नाही, दोन्हींना सारखाच थेंब. माणसांत एवढी समदृष्टी मी पाहिली नाही. बहुधा त्यासाठी नावं पुसावीच लागत असावीत.

मघापासून बाई प्लेटचा एकच कोपरा निरखत होत्या. आता त्यांची नजर एकेका खणावरून सावकाश फिरू लागली. एकही खण त्यांनी गाळला नाही. त्यात काहीच नसलेलेही होते.